सोमवारी न जेवलेली मुलगी

१

गुरुवारी सकाळी सरकारी दवाखान्यातल्या चार नंबरच्या खाटेवर बुटली दगावली. अडीच वर्षांचं पोर. तिच्या पाळणाघरातली आणखी सात मुलं शेजारच्या खाटांवर रक्ताच्या जुलाबांनी मलूल होऊन पडली होती. आणि शुक्रवारी दहाच्या आत कपड्यांच्या कारखान्याने गुन्हेगार शोधूनही काढला होता. पाळणाघर कारखान्याचंच, आणि गुन्हेगार पाळणाघराचा आचारी. बटणांचं एक खोकं हरवलं तर ज्यांना तीन-तीन आठवडे सापडत नाही, त्यांना माणूस एका दिवसात सापडला. कमालच म्हणायची!

आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेतून चौकशीला ज्या बाई आल्या, त्यांना सगळं खातं डबीबाई म्हणायचं. एकतीस वर्षं लोकांची शी छोट्या डब्यांतून गोळा करायची आणि आत कोण वस्तीला आलंय ते शोधायचं, हा धंदा. दुसरं काय नाव पडणार? बाईंना त्याचं काही वाटत नसे. उलट त्या म्हणायच्या, "माणसं खोटं बोलतात हो, डबी नाही बोलत."

मॅनेजरने कागद तयारच ठेवला होता. सोमवारी दुपारी खिम्याचे गोळे अर्धेकच्चे राहिले, ते खाऊन आठ मुलं आजारी पडली, एक दगावलं, सबब आचारी जबाबदार. खाली सहीसाठी रेघ मारलेली.

"चार वाजता पोलीस येतायत, मॅडम. तेवढी तुमची सही झाली की आम्ही सुटलो."

"आचारी कुठाय?"

"कोठीच्या खोलीत कोंडलाय. पालकांनी काल बदडला त्याला. बाहेर ठेवला तर जिवानिशी जाईल."

खिमा म्हटल्यावर डबीबाईंनाही ते पटण्यासारखं होतं. आठही डब्यांत एकच जंतू निघाला होता, ई. कोलायच्या कुळातला एक नतद्रष्ट भाऊबंद. गाईगुरांच्या आतड्यात हा सुखाने राहतो, त्यांना काही करत नाही. कच्च्या मांसातून, न तापवलेल्या दुधातून, शेणाच्या हातातून माणसात आला की मात्र उच्छाद मांडतो. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. पण सवय वाईट. सही करण्याआधी जोडलेले कागद उलटून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

पाळणाघराची यादी होती. सोमवार, जेवण साडेबारा, आठही मुलं हजर. तिच्याखाली दवाखान्याच्या चिठ्ठ्या. सगळ्यात वरची बुटलीची.

भरती सोमवार, सकाळी अकरा वीस.

बाईंनी टोपण परत लावलं. ज्या जेवणाने पोर मेली म्हणत होते, ते जेवण तिने जेवलेलंच नव्हतं.

२

आचारी बटाट्यांच्या पोत्यावर बसला होता. साठीचा माणूस, ओठ फाटलेला, एक डोळा सुजून बंद झालेला. दार उघडताच त्याने आधी हात डोक्यावर धरले.

"मारायला नाही आले हो," डबीबाई म्हणाल्या. "डबी द्यायला आलेय. त्यात काय द्यायचं ते कळलं ना?"

एवढ्या दुःखातही म्हातारा ओशाळला.

"बाई, मी प्रत्येक घाणा फोडून बघतो. आत लाल दिसलं तर पुन्हा तव्यावर टाकतो. माझी स्वतःची नात मोठ्या खोलीत असते. तिनंपण तेच खाल्लं."

"मोठ्या खोलीत किती मुलं?"

"चाळीस. छोट्या खोलीत आठ. भांडं एकच."

"आणि चाळिसांतलं एकही आजारी नाही?"

"एकही नाही. हे मी काल ओरडून ओरडून सांगत होतो. पण ऐकतो कोण?"

बाई दुसऱ्या पोत्यावर बसल्या. "गेल्या आठवड्यात तुम्ही कामावर होतात?"

"बुधवारपर्यंत. मग भावाचं ऑपरेशन होतं म्हणून सुट्टी घेतली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार कारखान्याच्या कँटीनमधून जेवण यायचं. मी सोमवारी आलो आणि सोमवारी संध्याकाळीच पोरांना जुलाब सुरू. म्हणूनच तर म्हणतात, आला आणि घात केला."

"मग तुम्ही सुटलात," डबीबाई म्हणाल्या. "हा जंतू असा लगेच काम नाही करत. पोटात गेला की आधी आतड्याच्या भिंतीला चिकटतो, आणि चिकटतो म्हणजे कसा! खालच्या पेशीलाच स्वतःसाठी बैठक उभारायला लावतो आणि वर ठाण मांडून बसतो. मग वाढतो, मग विष सोडायला लागतो. याला तीन-चार दिवस लागतात. सोमवारी जुलाब झाले म्हणजे जंतू गुरुवार-शुक्रवारी पोटात गेला. तेव्हा तुम्ही इथे नव्हतातच."

म्हाताऱ्याच्या उघड्या डोळ्यातून पाणी आलं. "मग सोडा ना मला."

"अजून नाही. त्या मॅनेजरला कागदावर एक नाव हवंय. तुमचं खोडायचं तर खरं काय झालं ते दाखवावं लागेल." त्या उठल्या, तेवढ्यात कोपऱ्यात त्यांना एक निळा कॅन दिसला. "हे ब्लीच कोठीत कशाला?"

"ते छोट्या खोलीतलं. दुपटी बदलायची चटई पुसायला असतं. सोमवारी आलो तर इथं आणून टाकलेलं. मोठ्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, वास येतो."

वास तर येणारच. इतकी वर्षं येत होता. मग गेल्याच आठवड्यात कुणाच्या नाकाला झोंबला?

३

मोठ्या बाई म्हणजे पाळणाघराच्या संचालिका. इस्त्रीची साडी, हातात वही, जिभेवर नियम. छोट्या खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी होती: तिसऱ्यांदा जुलाब झाल्यास आईस बोलावून मूल घरी पाठवण्यात येईल.

"आम्ही हे काटेकोर पाळतो," मोठ्या बाई म्हणाल्या. "म्हणून आमच्याकडे कधी साथ येत नाही."

"आणि आई मशीन सोडून आली तर?"

"तो कारखान्याचा प्रश्न. महिन्यात तीनदा उठली तर लाइनीवरून काढतात, असं ऐकते मी."

असं ऐकते म्हणे! भिंतीपलीकडे मशीनं धडधडत होती, आणि बाईंना हे कुठूनतरी ऐकू आलं होतं.

डबीबाईंनी वही मागून घेतली. प्रत्येक मुलाचं एक पान होतं, आणि खाणं, झोप, शी असे तीन रकाने. बुटलीच्या पानावर बुधवारी लिहिलं होतं, 'शी दोनदा, पातळ.' गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तिन्ही दिवस 'शी नाही.' सोमवारी 'हजर, नीट जेवली.'

"सोमवारी ती दवाखान्यात होती."

मोठ्या बाईंचा चेहरा जरासा उतरला. "अहो, मी आठवड्याचं एकदम भरते. एखादं चुकतं."

"अस्सं. म्हणजे दवाखान्यात पडलेलं पोरही तुमच्या वहीत नीट जेवतं."

खोलीच्या कोपऱ्यात आया उभी होती. मुलं तिला मावशी म्हणायची. पन्नाशीची, जाडजूड, दोन दिवस रडून तोंड सुजलेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कोणत्या पोराचं दुपटं कधी बदललं हे लक्षात राहावं म्हणून तिने स्वतःची युक्ती काढली होती. भिंतीवर प्रत्येक मुलाच्या खुंटीपाशी एक चित्र होतं, मासा, छत्री, कप, चेंडू. चित्राखाली तिने खडूने सहा चौकोन आखले होते, कामाच्या सहा दिवसांचे. एक शी झाली की एक रेघ. दर सोमवारी पुसायचं आणि नव्याने सुरू करायचं. या सोमवारपासून खोलीत जी पळापळ उडाली तीत भिंत पुसायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"छत्री बुटलीची ना?" डबीबाईंनी चष्मा वर केला. बुधवारी दोन रेघा. गुरुवारी काहीच नाही. शुक्रवारी एक बारीक रेघ आणि तिच्याभोवती गोल. शनिवार रिकामा.

"वहीत शुक्रवारी 'शी नाही' लिहिलंय. इथे रेघ आहे. आणि मावशी, हा गोल कसला?"

आयाने मोठ्या बाईंकडे बघितलं.

"बरं, शुक्रवारी इथे विशेष काय होतं?"

"कपडे विकत घेणारे परदेशी पाहुणे आले होते," मोठ्या बाईंनीच सांगितलं. "शुक्रवार आणि शनिवार, दोन्ही दिवस. कारखाना बघितला, पाळणाघर बघितलं. फार खूश होऊन गेले."

आयाने पदर तोंडात कोंबला.

४

बुटलीच्या आईला आतापर्यंत कुणी काही विचारलंच नव्हतं. ज्या बाईचं मूल गेलं तिला सोडून साऱ्या कारखान्याला विचारून झालं होतं. कामगारांच्या चाळीत तिची एक खोली होती. ती भिंतीला टेकून बसली होती. पंचविशीची असेल नसेल.

डबीबाईंनी उगाच सांत्वन केलं नाही. त्यांना ते कधी जमलंच नव्हतं. त्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मला पहिल्यापासून सांग, पोरी."

"मागच्याच्या मागच्या रविवारी माझ्या भावाकडे गेलो होतो. त्याच्याकडे दोन गाई आहेत. बुटली दिवसभर वासराच्या गळ्यात पडलेली. बुधवारी तिला पातळ झालं."

"आणि गुरुवारी थांबलं. आपोआप?"

आई उठली. कपाटातून औषधाची एक पट्टी काढून तिने पुढ्यात ठेवली. दहा गोळ्यांची पट्टी, एक घर रिकामं, नऊ गोळ्या शिल्लक.

"बूच म्हणतो आम्ही याला," ती म्हणाली. "लाइनीत सगळ्यांकडे असते. पोराला जुलाब झाले की सकाळी एक चुरडून द्यायची, दिवस निघतो. या महिन्यात मला दोनदा बोलावणं आलेलं होतं. तिसऱ्यांदा आलं असतं तर लाइन गेली असती. गुरुवारी सकाळी दिली मी. पण रात्री तिचं पोट टम्म फुगलं, किरकिरायला लागली. मी घाबरले. परत नाही दिली, शपथ घेऊन सांगते."

"मग रविवारी?"

"रविवारी नुसतं रक्त. सोमवारी सकाळी उचलून नेली. लघवीच बंद झाली होती तिची. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं गेली." तिने डबीबाईंचा हात घट्ट धरला. "बाई, गोळीनं झालं का?"

एकतीस वर्षांत डबीबाईंनी कुणाला खोटं उत्तर दिलं नव्हतं. ते जुलाब म्हणजे शरीराने सुरू केलेली झाडलोट असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याला बूच लावलं की विष बाहेर पडायच्या ऐवजी आतच मुरतं, रक्तातून मूत्रपिंडांपर्यंत पोचायचा धोका वाढतो.

"मला आधी पुरतं कळू दे," त्या म्हणाल्या आणि पट्टी पिशवीत टाकली.

चाळीच्या जिन्यावर त्या थांबल्या. एका गोळीने गुरुवार गेला, ठीक. शुक्रवारी सकाळी तिचा जोर ओसरला म्हणून तर आयाने रेघ मारली. पण त्यानंतर शनिवार संध्याकाळपर्यंत पुन्हा रेघ नाही. आईने दिली नाही, पट्टीत नऊ आहेत. म्हणजे शुक्रवारी सकाळनंतर पोराला दुसऱ्याच कुणीतरी बूच लावलं होतं.

५

साडेतीनला मॅनेजरच्या खोलीत सगळे जमले. आचाऱ्यालाही आणून उभा केला होता. मॅनेजर घड्याळ बघत होता.

"आचाऱ्याचा विषय संपला," डबीबाईंनी सुरुवात केली. "जंतू पोटात गेला तेव्हा तो कामावर नव्हता. चाळीस मुलांनी त्याच भांड्यातलं खाल्लं आणि ती ठणठणीत आहेत. आजारी पडली ती फक्त छोट्या खोलीतली, जी एकाच चटईवर दुपटं बदलून घेतात ती. म्हणजे रोग ताटातून आला नाही, चटईवरून आला. हा जंतू फार थोडा पुरतो हो. सुईच्या टोकावर मावेल एवढा."

"पण चटई ब्लीचने पुसतात," मॅनेजर म्हणाला.

"एरवी पुसतात. त्या दोन दिवसांत ब्लीचचा कॅन कोठीत होता. पाहुण्यांच्या नाकाला वास नको म्हणून. खरं ना, मोठ्या बाई?"

मोठ्या बाईंनी वही मिटली.

"शुक्रवारी सकाळी बुटलीला थोडीशी शी झाली. मावशीने चटई नुसत्या ओल्या फडक्याने पुसली आणि त्याच फडक्याने, त्याच हातांनी दिवसभर बाकीच्या सात जणांना बदललं. तिथून तीन-चार दिवस मोजा. सोमवार-मंगळवार. सातच्या सात." त्या आयाकडे वळल्या. आवाज जरा खाली आला. "मावशी, तुम्ही गोल उगाच काढला नाहीत. त्या शीत काय होतं?"

आया पुढे आली.

"लाल होतं," ती हुंदके देत म्हणाली. "मी मोठ्या बाईंना दाखवलं. म्हटलं, हिच्या आईला बोलवा. त्या म्हणाल्या, काहीतरी लाल खाल्लं असेल. मग म्हणाल्या, तुझ्या पिशवीतली पट्टी दे. मी दिली. माझ्या हातानं दिली हो! शुक्रवारी दोनदा, शनिवारी दोनदा, मधात चुरडून. पोर मधासाठी चमचा चाटत बसायची."

आचाऱ्याने तोंड फिरवलं.

"दोन दिवसांचा प्रश्न होता!" मोठ्या बाई एकदम उसळल्या. "फक्त दोन दिवस! पाहुणे असताना एकाही बाईला मशीनवरून उठवायचं नाही, असं यांनीच बजावलं होतं मला. विचारा यांना!"

"मी गोळ्या द्या म्हटलं नव्हतं," मॅनेजर म्हणाला. काखा वर करायला त्याला क्षणही लागला नाही.

"तसं नाही म्हणालात. पण बोलावू नका म्हणालात. मग रक्ताचे जुलाब होणाऱ्या पोराचं त्यांनी काय करावं, ते पाहुण्यांना विचारायचं होतं का?"

"अहो, पण सुरुवात आईनंच केली!" मोठ्या बाई बुडत्याच्या घाईने म्हणाल्या. "गुरुवारी शी झाली नाही, म्हणजे घरून गोळी देऊनच आणलं असणार. सगळ्याच देतात."

मॅनेजरचे डोळे चमकले. डबीबाईंना ते स्पष्ट दिसलं. नवा कागद त्याच्या डोक्यात टाइप व्हायलाही लागला होता. आईचा निष्काळजीपणा. आजारी मूल लपवून आणलं. पाळणाघराचा संबंध नाही.

"हे महत्त्वाचं आहे, मॅडम," तो खुर्चीत सरसावून बसला. "आईने गोळी दिल्याचा काही पुरावा?"

पट्टी बाईंच्या मांडीवरच्या पिशवीत होती. नऊ गोळ्या, एक रिकामं घर.

"नाही," डबीबाई म्हणाल्या. "लहान मुलांना एखादा दिवस होतच नाही. त्यात काय मोठं?"

मग त्यांनी मॅनेजरने टाइप केलेला कागद उलटा केला आणि पाठीमागे स्वतःच्या अक्षरात लिहायला घेतलं. मोठ्या बाईंचं नाव, मॅनेजरचं नाव, त्याचा तो हुकूम, हलवलेलं ब्लीच, आयाचा जबाब. पोलीस आले तेव्हा त्या शेवटची ओळ लिहीत होत्या.

६

तीन आठवड्यांनी मुलांच्या डब्या पुन्हा तपासायच्या म्हणून डबीबाई पाळणाघरात आल्या. सातही पोरं जगली होती. आचारी निर्दोष सुटला, पण त्याच्या हातचं आपल्या मुलांना द्यायला पालक तयार होईनात. तो आता कँटीनच्या मागे भांडी घासत होता. मोठ्या बाईंची कारखान्याच्या दुसऱ्या पाळणाघरात बदली झाली होती. आयाला काढून टाकलं होतं. मॅनेजर जागच्या जागी होता, आणि छोट्या खोलीच्या दारावरची पाटी नव्या रंगाने चकचकीत करून घेतली होती.

जाता जाता त्या शिलाईच्या लाइनीपाशी थांबल्या. बुटलीची आई आपल्या मशीनवर होती. बाईंना बघून तिने पायडलवरचा पाय उचलला.

"कागदात माझं नाव नाही म्हणे."

"नाही."

"का? मी तर तुम्हाला पट्टी दिली होती."

"तुझं लिहिलं असतं तर त्यांनी तेवढंच ठेवलं असतं, पोरी. बाकीची सगळी खोडली असती."

आईने मान हलवली. हे तिला समजत होतं, कारखान्यात सहा वर्षं काढली होती तिने. पलीकडच्या दोघीतिघी मशीन थांबवून ऐकत होत्या.

"सगळ्या म्हणतात, बाईंनी तुला वाचवलं," ती म्हणाली. "मला एकच सांगा. गुरुवारी मी ती दिली नसती तर काय झालं असतं?"

उत्तर अगदी सरळ होतं. गुरुवारी तिसऱ्यांदा जुलाब झाले असते. पोर घरी गेली असती, दवाखान्यात गेली असती. शुक्रवारी ती त्या चटईवर नसती, मोठ्या बाईंच्या चमच्यापाशी नसती. लाइन गेली असती, एवढंच.

"ते नाही सांगता येत कुणाला," डबीबाई म्हणाल्या.

आईने त्यांच्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतं बघितलं.

"तुम्हाला येतं," ती म्हणाली.

लाइनीच्या टोकाकडून सुपरवायझरची हाक आली, कोण थांबलंय म्हणून. आईने कापड सुईखाली सरकवलं आणि पुढची शिवण घातली.